एका जागेला एकच माणूस

माणसाला भट्टीची आठवण येते असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. मुकादमाची बायकोही हसायची. "लोक माणसांसाठी झुरतात, आमचे हे आगीसाठी झुरतायत," असं शेजारणीला सांगायची, आणि मुकादम ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचा. पण ज्यानं उभी हयात काचेच्या कारखान्यात काढली, लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा उचलून त्यात आपला श्वास भरला, त्याला घरात करमणार कसं? कारखाना बंद झाला तेव्हा भट्टी एकदम थंड झाली नाही. मुकादम रोज फाटकापर्यंत जायचा, धुराड्याकडे बघायचा आणि परत यायचा. एके दिवशी धूर दिसला नाही, त्या दिवशी तो आला आणि अर्ध्या ताटावरून उठला. बायको काय ते समजली, त्या दिवशी ती हसली नाही.

कारखान्यात त्याच्या आवाजाला दरारा नव्हता, दरारा होता तो पाळीला. ओव्हरटाइमचं काम आलं की ते पाळीनंच मिळायचं. कुणी घरचं दुखणं सांगो, कुणी पाया पडो, मुकादमाचं एकच उत्तर, "पाळी म्हणजे पाळी." स्वतःची पाळी तो सगळ्यांच्या मागे लावायचा. त्यामुळे त्याच्या खात्यात ओव्हरटाइमवरून कधी कुणी कुणाची गचांडी धरली नाही, आणि याचा त्याला गर्व होता. असणारच. आयुष्यभरात गरिबाला मिरवायला दुसरं मिळतं तरी काय?

कारखाना बंद पडल्यावर सरकारनं पैसे मंजूर केले आणि गावातल्या एका ओस पडलेल्या शाळेत कामगारांसाठी केंद्र निघालं. दोन वर्ग, लहान मुलांचे बाक, एक संगणक आणि एक मॅडम. मॅडम म्हणजे मुकादमाच्या मुलीच्या वयाची पोर, ती स्वतःही कंत्राटावरच. कुठं जागा आहे ते शोधायचं, मुलाखतीला कसं बोलायचं ते शिकवायचं आणि माणसं पाठवायची, हे तिचं काम. गुडघे पोटाशी घेऊन ही थोराड मंडळी त्या बाकांवर बसायची. "स्वतःबद्दल सांगा," मॅडम म्हणाली तर लंबू उभा राहिला आणि म्हणाला, "मी उंच आहे." हसून हसून पोटं दुखली. लंबू हा मुकादमाचा भट्टीवरचा जोडीदार. एकानं फुंकायचं, दुसऱ्यानं साचा धरायचा. इतकी वर्षं एकमेकांचा घाम पुसला म्हणा ना.

मॅडम फळ्यावर जागा लिहायची आणि जमेल त्या सगळ्यांनी जावं म्हणून सांगायची. मग मंडळी बाहेर पायऱ्यांवर जमायची. तिथं मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "एका जागेला एकच माणूस जाईल, तोही पाळीनं. दोघं गेले की एक पडणार. आपल्याच माणसाला आपण पाडायचं? आपण काय झुंजीचे कोंबडे आहोत?" सगळ्यांना पटलं. पटणारच, जन्म त्यातच गेला होता. एकदा औषधांच्या गोदामात बांधणीची जागा निघाली. पॅकिंगवाल्या ताईंचं सगळं आयुष्य बाटल्या बांधण्यात गेलेलं, घरात नवरा अंथरुणाला खिळलेला. पण पाळी दुसऱ्याची होती. ताई म्हणाल्या, "मी पण जाऊन बघू का, मुकादम?" मुकादमानं मान आडवी हलवली. ताई पुन्हा पायरीवर बसल्या. पाळीवाला गेला, त्याला ती जागा मिळाली नाही. ताईंनाही मिळाली नाही. तिसराच कुणीतरी ती पटकावून बसला.

असं बरेचदा झालं. मग एके सकाळी मॅडम मुकादमाला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, या महिन्यानंतर आपले पैसे बंद होणार. जिथं जास्त लोकांना काम मिळतं त्या केंद्रांना सरकार ते देणार आहे. आपल्याकडचे फारच थोडे कामाला लागले."

"का बरं? आमच्यात काय कमी आहे?"

"कमी काही नाही. मालकाला चारजण बघून एक निवडायचा असतो. तुमच्यातला एकटाच गेला की त्यांना वाटतं, यात काहीतरी गोम आहे. मी दर वेळी सांगत होते ना, जास्त जणांनी जा म्हणून?"

"सांगत होतात, पण..."

"आणि तुम्ही सगळे माना डोलवत होतात!" पोरीचा आवाज रडवेला झाला. तिचंही काम जाणार होतं. मुकादमाला तोंड वर करवेना. जी गोष्ट तो अभिमानानं मिरवत होता, तिनंच सगळ्यांचा घात केला होता.

आणि त्याच आठवड्यात, बघा नशीब कसं असतं, फळ्यावर जागा आली ती दिव्यांच्या काचा फुंकायची. छोटा कारखाना, पण भट्टी खरी, पेटती. माणूस हवा एकच. पाळी होती लंबूची. फळ्याकडे बघताना मुकादमाच्या हाताची बोटं आपोआप वळली, फुंकणी धरावी तशी. ते काम त्याला हवं होतं. पगारासाठी हवं होतं, पण त्याहूनही त्या झळेसाठी हवं होतं.

"मी पण येऊ?" त्यानं लंबूला विचारलं.

लंबू म्हणाला, "ये की. मॅडम तेच तर सांगतायत."

दोघं एकाच सायकलवरून गेले. मालकानं दोघांच्या हातात आळीपाळीनं फुंकणी दिली. लंबूचा जन्म साचा धरण्यात गेलेला, त्याची काच एका बाजूला कलली. मुकादमानं गोळा उचलला, फिरवला, अलगद फुंकर घातली, आणि काच अशी भरत गेली की तो स्वतःच बघत राहिला. "सोमवारपासून या," मालक म्हणाला. परतताना लंबूनंच सायकल चालवली. "छान झाली हो काच," एवढंच म्हणाला, आणि ते मनापासून होतं.

केंद्रात पोचल्यावर सगळ्यांनी गराडा घातला. लंबूच्या पाठीवर थापा पडल्या. लंबूनं बोट दाखवलं, "याला लागलं काम." पाठीवरचे हात खाली आले. पॅकिंगवाल्या ताईंनी विचारलं, "जागा किती होत्या?"

"एक," मुकादम म्हणाला.

"आणि गेलात दोघं?"

मुकादमानं मान डोलवली.

"मग मला का बसवलंत, मुकादम?" ताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला सांगायचं होतं ना, की आपल्याला फारच हवं असलं तर जायचं असतं म्हणून."

मुकादमानं हात जोडले. ताईंनी पिशवी उचलली आणि त्या घरी गेल्या. मग एकेक करून बाकीचेही गेले. लंबू थांबला, पण थोड्या वेळानं तोही सायकल घेऊन निघाला. महिनाअखेरीस शाळेला पुन्हा कुलूप लागलं.

सोमवारी मुकादम कामावर गेला. मन खाईल असं त्याला वाटलं होतं. छे! भट्टीचं झाकण उघडलं, झळ तोंडावर आली, आणि त्याचे डोळे आनंदानं भरून आले. मुलगी झाली तेव्हा झाला होता तसला आनंद. काच आज्ञेत वागत होती. घाम कानामागून गळत होता. दुपारी हातपाय धुऊन तो डबा घेऊन भिंतीशी बसला आणि काहीतरी सांगायला त्यानं सवयीनं शेजारी, लंबू बसायचा त्या बाजूला, मान वळवली. तिथला अनोळखी माणूस घास थांबवून म्हणाला, "काय?"

"काही नाही," मुकादम म्हणाला, आणि जेवू लागला.