रफिकचं वेगळं बटन

आम्ही चार साऊंडवाले कुठं चहाला टेकलो की गाण्याबिण्यावर कुणी बोलत नाही. कुणाचा जनरेटर ऐन वरातीत बसला, कुठल्या नवरदेवाला घोडीनं पाडलं, कुणी कुणाच्या डोक्यात खुर्ची घातली, हेच चालतं. धंदाच असा आहे की दर लग्नाला एक किस्सा फुकट मिळतो. इतके साठलेत की कुठला कुठल्या गावचा तेही आता आठवत नाही. पण आमच्या सेटचे काही किस्से मी विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही, कारण ते सगळे फिरून फिरून एकाच बटनावर येतात.

सेट आण्णांचा. आण्णा म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे संचालक. दुष्काळात ऊस करपला, कारखान्याची चिमणी थंड पडली, पण आण्णांनी टेम्पोवर स्पीकरची भिंत उभी केलीच! वाजवायला नेकनूरच्या चाँदचाचा मेकॅनिकचा पोरगा रफिक, आणि माईकवर बडबड करायला मी.

ज्यांना आमची लाईन माहीत नाही त्यांना आधी एवढं सांगतो. लोक नाचतात स्पीकरच्या पुढं, आम्ही दोघं बसतो भिंतीच्या मागं. मागं आवाज नुसता घुमतो आणि उशिरा पोचतो. म्हणून वाजवणाऱ्याच्या कानाशेजारी त्याचा स्वतःचा एक बॉक्स असतो, त्याला म्हणायचं मॉनिटर. चांगल्या मिक्सरला, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या यंत्राला, मॉनिटरचं बटन वेगळं असतं. लोकांना पाहिजे तेवढं लोकांना, आपल्याला पाहिजे तेवढं आपल्याला. आमच्या मिक्सरला बटन एकच होतं. लोकांचं वाढवलं की रफिकच्या कानातलंही वाढायचं.

* * *

रफिक एकदा धीर करून आण्णांच्या दारात गेला. मी सोबत होतो.

"आण्णा, मॉनिटरला येगळं बटन असलेला मिक्सर घ्या. कान लई दुखतेत."

आण्णा हसले. "येगळं कशाला बे? टाकी एकच हाय, मग तोट्या दोन कशाला पायजेत?"

हे बोलताना त्यांच्या मागं गडी जीप धूत होता. त्या वर्षी गावचा टँकर विहिरीत रिकामा व्हायचा, पण त्याआधी आण्णांच्या दारात थांबायचा. आण्णांची तोटी पहिल्यापासून वेगळीच होती! रफिक तिकडं बघत राहिला आणि "बरं" म्हणून परत फिरला.

* * *

शिरूर कासारला एक लग्न होतं. पुढच्याच आठवड्यात अर्धं गाव लांबच्या कारखान्यांवर ऊसतोडीला निघणार होतं. सगळा हंगाम फडात राबायचं, त्याआधी एकदा नाचून घ्यायचं, म्हणून पोरं जीव तोडून नाचत होती. त्यांना मी कधीच दोष देत नाही.

नवरीचा मामा भिंतीमागं आला. "आवाज वाढव बे! पुढं काईच ऐकू येईना!"

रफिकनं कानात कापूस घातला होता. तो म्हणाला, "मामा, तुमी जरा माझ्या जागंवर बसा. मग सांगा."

मामा ऐटीत बसला. रफिकनं बटन फिरवलं. अर्धं गाणंसुद्धा झालं नाही, तोच मामा कान धरून खाली उतरला!

"आरं, मेलो की! पुढं वाढव, हितं कमी कर."

"बटन एकच हाय, मामा."

मामानं जरा विचार केला. मग म्हणाला, "असं व्हय? मग मी पुढं जातो. तू वाढव!"

* * *

दुष्काळात लग्नं कमी झाली, म्हणून पुढाऱ्यांनी सामुदायिक विवाह काढले. युसूफ वडगावला एकाच मांडवात कितीतरी जोडपी उभी होती, आणि वरातीला डीजे आमचा. रफिकनं त्या दिवशी घरची गोधडी आणून मॉनिटरला गुंडाळली होती. कान वाचले, पण त्याला नीट ऐकू येईना. दोन गाणी एकमेकांच्या अंगावर गेली. आण्णा तरातरा मागं आले.

"झोपलास का बे?" म्हणत त्यांनी गोधडी ओढली आणि खाली फेकून दिली.

आता मॉनिटर उघडा, आवाज फुल्ल. रफिकनं डोळे मिटले आणि वाजवत सुटला. एवढ्यात गावात टँकर आला! नाचणारे, बघणारे, वाढपी, सगळे घागरी, बादल्या, मिळेल ते घेऊन पळाले. एक नवरदेवसुद्धा कमरेची तलवार सावरत पळाला. खरं सांगतो, मीही कॅन घेऊन उतरलो. भिंतीमागं बसलेल्या रफिकला कशाचाच पत्ता नाही. तो मोकळ्या रस्त्याला गाणी ऐकवत बसला.

मी पाणी घेऊन आलो तेव्हा कुठं त्यानं डोकं बाहेर काढलं. "आरं, माणसं कुठं गेली?"

मी टँकरकडं बोट दाखवलं. त्यानं गाणं बंद केलं. तसा घोडीवाला ओरडला, "बंद कावून केलं बे? घोडी नाचतीया की!"

* * *

मग कारखान्याची वार्षिक सभा आली. कारखाना बंद, सभा चालू! त्या दिवसापुरता आण्णांनी बीडहून भारी मिक्सर मागवला. स्टेजवर संचालकांच्या समोर छोटे मॉनिटर, त्यांचं बटन वेगळं. खाली सभासदांना बोलायला एक माईक, त्याचंही बटन वेगळं.

मला राहवलं नाही. "आण्णा, आज दोन-दोन तोट्या कावून?"

"आरं येड्या, चेअरमनसायबांच्या कानाला तरास नको!"

सभेत एक म्हातारी सभासद उभी राहिली. "ऊस तर वाळला. जनावरांना चारा छावणी तरी कवा उघडता?" असं ती विचारत होती, तोच आण्णांनी स्टेजवरून तळहात खाली दाबून दाखवला. रफिकनं तिचा माईक खाली घेतला. करणार काय, मालकाची खूण होती. म्हातारीचे ओठ हलत राहिले आणि स्टेजवर हात उंचावून ओरडणं सुरू झालं, "मंजूर! मंजूर!"

आम्ही वायरी गुंडाळत होतो तेव्हा ती रफिकपाशी आली. "लेकरा, माझा आवाज वर गेलता का रं?"

रफिक खाली वाकून वायर गुंडाळायला लागला. मिक्सर परत पेटीत घालण्याआधी मात्र रफिकनं ते मॉनिटरचं बटन थोडं फिरवून बघितलं. "खरंच येगळं चालतंय बे," एवढंच बोलला. संध्याकाळी मिक्सर बीडला परत गेला.

* * *

हळूहळू गावात बोभाटा झाला की रफिकला मस्ती आली, हाक मारली तर ओ देत नाही. आई चुलीपासून हाका मारी आणि हा दारात बसून रस्त्याकडं बघत राही. शेवटी मी त्याला ओढत डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर तपासून म्हणाले, "डावा कान बराच गेलाय, उजवाही त्याच वाटेवर आहे. आवाज कमी करा."

"कमी केला की लोक मारायला उठतेत, सायेब."

"मग लोकांचा असू द्या. तुमच्यापुरता तरी कमी करा!"

रफिकनं माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघं असे हसलो, असे हसलो की डॉक्टरांना वाटलं आम्ही त्यांची चेष्टा करतोय. दवाखान्यातून बाहेर आल्यावर कुणीच हसलं नाही.

चाँदचाचा म्हणाले, "सोड ते. माझ्यासंगं गॅरेजवर बस." चाचांची पद्धत अशी की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत काय बिघडलंय ते ऐकूनच सांगायचे. एक जीप आली, इंजिन चालू होतं. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर पोराच्या हातात दिला. "सुन बेटा. क्या बोलती गाडी?"

रफिकनं डाव्या कानाला लावला. मग उजव्या कानाला. बराच वेळ ऐकून म्हणाला, "चांगली हाय, अब्बा."

इंजिनची खडखड शेजारच्या पंक्चरवाल्यालाही ऐकू येत होती. तो तोंड फिरवून ट्यूब घासत बसला. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि फडक्यानं पुसला. मग पोराच्या पाठीवर हात ठेवून, त्याला दिसेल असं समोर येऊन म्हणाले, "जा, चाय लेके आ." रफिक दुसऱ्या दिवशी पुन्हा टेम्पोवर आला. जाणार कुठं?

* * *

आणि आता शेवटचा.

आण्णांचा पोरगा पुण्याहून सुट्टीला आला. त्याला हौस आली, एका वरातीत रफिकच्या जागेवर बसला. घरी जाऊन म्हणाला, "पप्पा, माझे कान दुखायलेत."

झालं! त्याच आठवड्यात नवा मिक्सर दारात. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. आण्णांनी सगळ्यांसमोर रफिकला बोलावलं आणि बोटानं दाखवलं.

"हे बघ, मॉनिटरला येगळं बटन! किती दिस मागं लागलतास. आता घे कमी करून, पायजे तेवढं!"

मिक्सर टेम्पोवर चढवून जोडला आणि रफिक आपल्या जागेवर बसला. मी पुढच्या स्पीकरचा आवाज अगदी बारीक ठेवून गाणं लावलं. रफिकनं ते नवं बटन चिमटीत धरलं आणि फिरवलं. कमीकडं नाही, जास्तीकडं. थोडं फिरवलं, थांबला. अजून फिरवलं. शेवटापर्यंत नेलं. टेम्पोचा पत्रा थरथरायला लागला. बघायला वर चढलेला आण्णांचा पोरगा कान दाबून खाली उतरला, मीही कानावर हात ठेवले.

आण्णा पोट धरून हसत होते. "बघितलं का? म्हणलं न्हवतं मी? शेवटी फुल्लच केलंस! मग येगळं कशाला पायजे हुतं बे?"

रफिक त्यांच्या हलणाऱ्या तोंडाकडं बघत राहिला. मग माझ्याकडं वाकून म्हणाला, "मॉनिटरची वायर जोडली का बे?"