कौन्सिलर काकांची दुसरी निवडणूक

कौन्सिलर काकांचा उजवा कान अर्धाच होता. कुणी नवखा माणूस चोरून पाहू लागला की ते स्वतःच सांगत, "उरलेला इंग्लंडात ठेवून आलोय."

इंग्लंडात ते ज्या गावी कारखान्यात इंजिनियर होते, तिथल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या सगळ्या निवडणुका त्यांना तोंडपाठ. डेट्रॉइटजवळच्या आमच्या उपनगरात शनिवारी मराठी मंडळी जमली की बाकीचे पत्ते काढत आणि काका टेबलावर वाट्या मांडत. एक वाटी म्हणजे एक वॉर्ड. दही हुजूर पक्षाचं, लोणचं मजूर पक्षाचं. पहिल्या खेपेला दही कसं बहुमतात आलं, पुढे कुणालाच बहुमत कसं उरलं नाही, एका वॉर्डात मतं अगदी सारखी पडली तेव्हा चिठ्ठी काढून मेंबर कसा ठरवला, सगळं नावानिशी. म्हणूनच ते आमचे कौन्सिलर काका. काकू म्हणत, "अहो, आमटीला तरी एक वॉर्ड मोकळा ठेवा."

त्याच कौन्सिलच्या एका पोटनिवडणुकीला काका स्वतः उभे होते. पत्रकं वाटताना चौघांनी त्यांना भिंतीशी दाबलं, बिअरची बाटली फोडली आणि तिने अर्धा कान कापला. काका निवडणूक हरले, आणि वर्षाच्या आत अमेरिकेत आले. त्याबद्दल ते एवढंच म्हणत, "निवडणूक हरलेला माणूस घरी जातो, घाबरलेला मुलूख सोडतो. मी दोन्ही केलं."

मी लग्न होऊन आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मोटारींचे कारखाने धडाधड माणसं काढत होते. लोकांचा राग जपानी गाड्यांवर होता, पण तो निघायचा कुठल्याही परक्या तोंडावर. अशा दिवसांत काका सिटिझन झाले आणि गावच्या सिटी कौन्सिलला उभे राहिले.

पहिल्याच आठवड्यात लोकांच्या अंगणात लावलेले त्यांच्या नावाचे बोर्ड कुणीतरी जाळले. मग त्यांच्या दिवाणखान्याची काच फोडून वीट आत आली. काकू सोफ्यावर बसल्या होत्या. कपाळाला सात टाके पडले. त्यांनी नाव मागे घ्या म्हणून विनवलं, काकांनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी बोलणंच टाकलं. रोज पोळीभाजीचा डबा मात्र भरून देत.

माझ्याकडे नवं लायसन्स होतं आणि दिवसभर मोकळा वेळ. मी काकांना गल्लोगल्ली ड्राइव्ह करून नेई. ते दारोदार जात, मी गाडी हळूहळू पुढे घेई.

ऑक्टोबरातली ती दुपार. काका एका घराच्या पायऱ्या उतरत होते. समोरच्या गॅरेजमधून दोन माणसं बाहेर आली, एकाच्या हातात बेसबॉलची बॅट. आमच्या नोकऱ्या खाल्ल्यात, असं काहीतरी तो ओरडत होता. पहिला फटका गुडघ्यावर बसला. काका खाली पडले, तरी गाडीकडे सरपटत येऊ लागले. मी गाडीच्या चारही दारांना आतून लॉक केलं. हॉर्नवर दोन्ही हात दाबून धरले आणि काचेतून बघत राहिले. बॅट वर जाई, खाली येई. दुसरा नुसता लाथा घालत होता. काकांनी गाडीच्या दाराला हात लावला तेव्हा त्या हातावरही फटका बसला. पुढच्या घरातली म्हातारी बाई फोनची वायर ओढत दारात येऊन पोलीस, पोलीस ओरडली, तेव्हा ते पळाले.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात काका शुद्धीवर होते. मी दार उघडलं नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पाहिलंच होतं, पण मला ते बोलायचं होतं.

"लॉक केलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "नाहीतर काकूला दोघांचं बघावं लागलं असतं."

नवव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दोघांना पकडलं, शिक्षाही झाली. ती पुरेशी होती का, यावर आमच्या मंडळींत अजून वाद होतात. मी त्यात भाग घेत नाही.

मतदान पुढच्याच आठवड्यात होतं. मशीनवर नावं आधीच लागली होती, त्यामुळे काकांचंही तसंच राहिलं. त्या सकाळी काकूंचा फोन आला, "गाडी घेऊन ये."

काकाही सिटिझन, काकूही. पण काकूंनी आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं, कुठल्याच देशात नाही. शाळेच्या जिममध्ये रांग होती. त्या साडीवर कोट घालून उभ्या होत्या, कपाळावर टाक्यांचा व्रण. मागचा एक माणूस आपण होऊन म्हणाला, तुम्ही पुढे व्हा. त्या पुढे गेल्या नाहीत, नंबर येईपर्यंत उभ्या राहिल्या.

मी अजून सिटिझन नव्हते, मला मत नव्हतं. मी दोरीच्या अलीकडे थांबले. मशीनभोवतीचा पडदा सरकला, त्याखाली काकूंचे मोजे घातलेले पाय तेवढे दिसत होते. त्या आत इतका वेळ होत्या की टेबलाशी नावं तपासणाऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मग खटका ओढल्याचा आवाज आला, जिमभर ऐकू जाईल असा.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलेली आपली पर्स परत घेतली.

"तुझा सिटिझनचा फॉर्म कधी भरायचा असतो?" त्यांनी विचारलं.