न आलेल्यांची यादी

शिंपीणकाकूंना ल्युपस होऊन अकरा वर्षं झाली. शरीराची राखण करणारी ताकदच शरीरावर उलटावी, असा हा आजार. सांधे सुजतात, ऊन सोसत नाही आणि थकवा तर इतका की सुईत दोरा ओवतानाही हात गळून जातो. पण डॉक्टर विचारोत नाहीतर नवरा, काकूंचं उत्तर ठरलेलं, "बरी आहे." समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून थाप मारायची ही त्यांची जुनी खोड.

रुग्णालयाने ल्युपसच्या थकव्यावर संशोधन काढलं, त्यात काकूंचं नाव घातलं आणि रुग्णांच्या सल्लागार गटातही त्यांना घेतलं. दोन बैठका त्या तोंडाला कुलूप लावून बसल्या. तिसरीत संशोधक ताईंनी नियम वाचला. सलग दोन तपासण्या चुकल्या, तर त्या रुग्णाचं नाव संशोधनातून कमी. पहिलं नाव कमी होणार होतं ते निवृत्त मास्तरीणबाईंचं, काकूंच्या तपासणीच्या रांगेतल्या मैत्रिणीचं.

काकूंचं डोकं फिरलं. "त्या का आल्या नाहीत, विचारलंत का?"

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, काकू."

"अहो, तीन आठवडे त्यांना उठवत नाहीये. आम्ही इथे येतो ते बऱ्या दिवशी, इस्त्रीचे कपडे घालून. वाईट दिवशी घरीच पडून असतो. ज्याला चालवत नाही, त्या गिऱ्हाइकाच्या घरी मी टेप घेऊन जाते. आलेल्यांचीच मापं घेऊन सगळ्यांचे कपडे बेतता येतात का?"

ताई जरा वरमल्या. "मग काय करू या?"

"न आलेल्याला त्याच दिवशी फोन करा. थकवा दहात किती, एवढंच विचारा."

नियम बदलला आणि मास्तरीणबाईंचं नाव राहिलं. काकू आठवडाभर जरा ताठ मानेने चालत होत्या, आणि तो मान त्यांचा होताच.

दोन महिन्यांनी तपासणीच्या दिवशी काकूंनाच अंथरुणातून उठवेना. अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"काकू, आज थकवा किती?"

"बरी आ..." जीभ सवयीने वळली आणि थांबली. मशीनवर अर्धा शिवलेला सदरा चार दिवस तसाच होता. आता आपणच खोटं बोललो तर मास्तरीणबाईंना कोणत्या तोंडाने भेटायचं?

"नऊ," काकू म्हणाल्या.

दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याने ते ऐकलं. त्याने कप खाली ठेवला आणि तो पलंगाच्या कडेला बसला.

"कालही नऊच होता?" त्याने हळूच विचारलं.

काकूंनी होकारार्थी मान हलवली.