माझ्या तोंडून तिचा प्रश्न

आमच्या सुनेने पस्तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा महाविद्यालयात नाव घातले, तेव्हा गावात उघडपणे कोणी काही बोलले नाही. आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कृष्णेच्या काठी आहे. ती पहाटेची एसटी धरून सांगलीला जाई आणि दिवेलागणीच्या सुमारास परत येई. पदव्युत्तर अभ्यासाचा तिचा विषय होता आर्थिक नियोजन. माझे आयुष्य पाठशाळेत संस्कृत शिकवण्यात आणि पंचक्रोशीतील घरांत पूजा सांगण्यात गेले. या विषयाचे नावही मी प्रथम तिच्याच तोंडून ऐकले.

माझा मुलगा सांगलीला कामाला होता; एका संध्याकाळी घरी परतताना महामार्गावरील अपघातात गेला. त्याने मागे फारसे काही ठेवले नव्हते. आणि जे ठेवले होते, ते कोठे आहे हे कोणाला सांगितले नव्हते. पुढचे वर्ष ती बँकांच्या आणि विमा कचेऱ्यांच्या खिडक्यांपाशी उभी राहिली. एका खिडकीतील गृहस्थाने तिला विचारले, "मिस्टरांनी कधी सांगितलं नाही का तुम्हाला?" त्या संध्याकाळी तिने घरी येऊन डबा घासला, देवापाशी दिवा लावला आणि मला म्हणाली, "बाबा, हे सगळं माणूस असतानाच विचारून ठेवणारं कोणीतरी हवं. मी ते शिकते. पुढे पोटापाण्यालाही तेच होईल."

रात्रीच्या जेवणानंतर ती दिवसभराचा पाठ मला समजावून सांगत असे. मला त्यात गोडी वाटू लागली. कोणत्याही शास्त्राच्या आरंभी अधिकारी कोण, विषय कोणता आणि प्रयोजन काय हे सांगावे लागते. तिच्या शास्त्रातही तसेच होते. कुटुंबात कोण कोण आहे, कोणाचे शिक्षण राहिले आहे, म्हातारपणी कोण कोणावर अवलंबून असेल, हे सर्व शांतपणे विचारायचे आणि मगच सल्ला द्यायचा. या सर्व प्रश्नांच्या शेवटी एक प्रश्न येई. घरातील कर्ता माणूस नसेल तेव्हा काय? ती म्हणे, "बाबा, बाकी सगळं चुकलं तरी चालेल, पण हा प्रश्न राहता कामा नये."

अखेरच्या सत्रात एका खऱ्या कुटुंबाचे संपूर्ण नियोजन करून दाखवायचे होते. विट्याच्या बाजूला माझे एक जुने यजमान घराणे आहे. त्या घरातील कर्ता पुरुष दक्षिणेकडच्या एका शहरात गलाईचे दुकान चालवतो. सोने वितळवून, तेजाबाने म्हणजे आम्लाने शुद्ध करून देण्याचा हा धंदा त्या भागातील पुष्कळ माणसे परमुलखात करतात. गावच्या जत्रेला तो घरी आलेला असताना मी सुनेला घेऊन गेलो. घरात त्याची वृद्ध आई आणि पत्नी होती. मुलगी पाचगणीच्या निवासी शाळेत होती.

चहा झाला. सुनेने प्रश्न विचारण्यास आरंभ केला आणि तो हसतखेळत उत्तरे देऊ लागला. घरखर्चाचे विचारताच म्हणाला, "त्ये हिला इचारा. माझ्या हातात दोनच गोष्टी, तेजाब आन् फोन." आतून पत्नी म्हणाली, "आन् फोनवर बी खर्चाचंच भांडण!" सगळे हसले. मुलीच्या शाळेचे, दुकानाचे, म्हातारीच्या गुडघ्यांचे सारे बोलून झाले. मग सून किंचित पुढे सरकून बसली.

"आता एक विचारते हं. उद्या तुम्ही नसलात तर…"

"ए बाई, थांब तितंच."

म्हातारीने हातातली बशी खाली ठेवली. तिचा स्वर रागाचा नव्हता, आणि म्हणून तो अधिक लागला. "तुझं झालं त्ये लय वाईट झालं. आमी रडलो हाय तुझ्यापायी. पर त्ये तोंड माझ्या लेकाला नगं लावूस."

"आये, आगं त्यांच्या परीक्षेचं हाय त्ये," मुलगा म्हणाला.

"आसू दे की. दुसरं काय बी इचारू दे. हिच्या तोंडनं मरणाचं नाव नगं."

सून खाली पाहत राहिली. तिच्या कपाळावर काही नव्हते. ते तसेच ठेवायचे हे तिचे तिनेच ठरवले होते. मुलाने माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तुमी इचारा. तुमच्या तोंडनं आलं तर चालंल. काय आये?"

म्हातारी विचार करून म्हणाली, "गुरुजींनी म्हणलं तर चालतंय. त्ये दहाव्याला बी बोलत्यात आन् बारशाला बी. त्यांचं लागत न्हाई."

पूजेत संकल्प असतो तेव्हा गुरुजी शब्द सांगतात आणि यजमान मागून म्हणतो. त्या दिवशी तो क्रम उलटा झाला. सूनबाई माझ्या मागे बसून हळू आवाजात सांगू लागली आणि मी मोठ्याने म्हणू लागलो. तिचे शब्द मात्र मी माझ्या पद्धतीने जुळवले: "ईश्वराने तशी वेळ आणू नये. पण आलीच, तर या घराचा कारभार कोणाच्या हाती असावा असे तुमच्या मनात आहे?"

त्याने एकदा आईकडे पाहिले. मग दाराकडे मान करून म्हणाला, "हिच्या." दारामागची बांगडी वाजली आणि थांबली.

सून वर्गात पहिली आली. सांगलीच्या एका सल्लागार कचेरीत तिला कामही मिळाले. परंतु जे त्या घरात झाले तेच घरोघरी होऊ लागले. लोक तिला मानाने बसवत, चहा देत, गुंतवणुकीचे तिचे बोलणे लक्ष देऊन ऐकत. आणि तो प्रश्न जवळ आला की कोणाला तरी फोन येई, कोणी तरी वयस्कर बाई उठून जाई. मग मी तिच्याबरोबर जाऊ लागलो. एकदा तर लोणंदपर्यंत जाऊन आलो. ती बाकीचे सर्व सांगे आणि त्या एका प्रश्नापाशी थांबे. मग मी बोले. गावच्या स्थानकावर एका मिस्कील माणसाने हाक मारली, "काय गुरुजी, सत्यनारायणावर विमा फुकट काय आता?" मी हसलो. सून हसली नाही. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही किती दिवस येणार माझ्याबरोबर?"

"परमेश्वर चालवील तोवर," मी म्हणालो.

त्या पावसाळ्यात माझा आवाज बसला. आधी काढे झाले, गुळण्या झाल्या. अखेरीस मिरजेच्या डॉक्टरांनी घशातील गाठ दाखवली आणि स्वरयंत्र काढावे लागेल असे सांगितले. जगायचे असेल तर दुसरा मार्ग नव्हता. शस्त्रक्रियेनंतर माझा श्वास गळ्यावरील छिद्रातून येऊ लागला. त्यावर पांढरे फडके बांधलेले असते. जपाचे तीन प्रकार आम्ही मुलांना शिकवत असू: उच्चार करून केलेला, केवळ ओठ हलवून केलेला, आणि मनातल्या मनात केलेला. तिसरा सर्वांत श्रेष्ठ, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. आता माझ्याकडे दुसरा आणि तिसरा उरला आहे, आणि पहिल्याची आठवण जात नाही.

पुढच्या जत्रेला आम्ही पुन्हा विट्याकडे गेलो. नियोजन वर्षातून एकदा पुन्हा तपासायचे असते, आणि त्या गृहस्थाने मधल्या काळात भावाच्या भागीदारीत दुसरे दुकान उघडले होते. म्हणजे कारभाराचा तो प्रश्न नव्याने विचारणे भाग होते. माझ्या गळ्याकडे पाहून म्हातारी रडली. तिने वाकून माझ्या पायांवर डोके ठेवले. सुनेने नव्या दुकानाचे, भागीदारीचे सर्व विचारून घेतले आणि मग ती थांबली. सवयीने तिने माझ्याकडे पाहिले.

मी प्रयत्न केला. ओठ हलले. छिद्रातून हवेचा आवाज आला आणि तोच त्या सोप्यात ऐकू गेला.

सुनेने मान वर केली. "मी विचारू का?" ती म्हातारीला नव्हे, त्या पत्नीला म्हणाली.

ती बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. प्रश्न तिच्या हिताचा होता आणि ते तिला पुरते कळत होते. तिने सासूकडे पाहिले, मग खाली फरशीकडे.

"औंदा ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली. "गुरुजी बरं झालं की बगू."

मी बरा होणार नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. म्हातारीच्या मुलाने मला शाल आणि नारळ दिला. एक शेजारीण आमच्याबरोबरच निघाली होती. उंबऱ्यापाशी तिला हळदीकुंकू लावण्यात आले. करंडा सुनेच्या समोरून परत आत गेला.

एसटीत खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, "बाबा, पुण्याच्या एका कंपनीत फोनवरचं काम आहे. घरी बसून करता येतं. हेच काम, सगळे प्रश्न विचारायचे. फक्त चेहरा दिसत नाही." मी मान हलवली. तेवढेच मला करता येण्यासारखे होते.

आता ती बाहेरच्या खोलीत कानाला फोनचे यंत्र लावून बसते. मी आतल्या खोलीत देवांपुढे असतो. नागपूर, नाशिक, जळगाव, कोठकोठली माणसे तिच्याशी बोलतात. त्यांचे मला ऐकू येत नाही, तिचे येते. तिने माझे वाक्य जसेच्या तसे घेतले आहे. "ईश्वराने तशी वेळ आणू नये," असे म्हणून ती थांबते, मी थांबत असे तितकीच, आणि मग पुढचे विचारते. लोक उत्तर देतात. कोणी फोन ठेवत नाही.

परवा दुपारी मी नैवेद्य दाखवत होतो. बाहेर ती कोणा बाईंशी बोलत असावी.

"हो, विचारा ना ताई." मग थोडा वेळ शांतता. "हो तर. आमच्याकडे सगळं केलेलं आहे. आमच्या ह्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय." पुन्हा शांतता. "नाही, ते सांगलीला असतात कामाला. संध्याकाळी येतात."

हातातली घंटा मी वाजवली नाही. असत्य बोलू नये हे मी माझ्या मुलाला जसे, तसेच या घरात आल्यावर तिलाही शिकवले आहे, आणि तिने आजवर ते पाळलेही आहे. देवांपुढचे ताट तसेच होते. संध्याकाळी येतात, असे ती ज्या स्वरात म्हणाली, तो स्वर मी मुलाच्या लग्नानंतरच्या वर्षांत कितीदा तरी ऐकला होता.

थोड्या वेळाने ती उठून आत आली. मी ऐकले आहे हे तिला कळले होते. ती दारात उभी राहिली.

"बाबा, चहा टाकू?"

मी मान हलवली, आणि ती स्वयंपाकघरात गेली.