पाइनची खालची फांदी

तार सालीत रुतली आहे हे मला दिसलं, तेव्हा ह्यांना दवाखान्यातून घरी आणून दोन महिने झाले होते. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले होते. कुंड्यांना रोज पाणी घालत होते, पण घालत होते म्हणजे पाइप धरून उभी राहत होते, एवढंच. त्या दिवशी कोण जाणे कसं, नीट बघितलं. पाइनच्या खालच्या फांदीला गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार आत गेली होती आणि दोन्ही बाजूंनी साल फुगून तिच्यावर आली होती.

झाड माझ्या नवऱ्याचं. नणंद अमेरिकेहून आली तेव्हा तिनं पाँडेरोसा पाइनच्या बिया आणल्या होत्या. तिकडे डोंगरात ही झाडं प्रचंड वाढतात म्हणे. ह्यांना ते बोन्साय करून कुंडीत हातभरच वाढवायचं होतं. बियांना उगवायला थंडी लागते म्हणून ओल्या वाळूत घालून दोन महिने फ्रीजमध्ये ठेवल्या, दह्याच्या भांड्याशेजारी. मी कुरकुरले. चार उगवल्या, त्यातल्या तीन पहिल्याच पावसाळ्यात सडल्या. उरलेल्या एका रोपासाठी हे दर पावसाळ्यात प्लास्टिकचं छप्पर बांधायचे, मातीऐवजी विटांचा चुरा आणि जाड वाळू घालायचे. आठ वर्षांत झाड हातभर झालं. खोड डावीकडे वळवलेलं आणि खालची फांदी तार गुंडाळून उजवीकडे आडवी नेलेली. ती तशी आडवी व्हायलाच चार वर्षं गेली. "सगळा तोल तिच्यावर हाय," असं म्हणायचे. ऑफिसात शुद्ध बोलणारा माणूस, झाडांपाशी गेला की गावाकडचं बोलायचा.

श्रावणात एके सकाळी दाढी करताना हातातून रेझर पडला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

नंतरचे महिने मला वेगवेगळे आठवत नाहीत. उठवणं, अंघोळ, गोळ्या, व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई, भरवणं, चादरी. मुलगी पुण्याहून फोन करायची, "आई, तू जेवलीस का?" मी हो म्हणायचे. हे रोज एकच शब्द विचारायचे, "पाइन?" मी म्हणायचे, "बरं आहे."

तार दिसल्यावरही आठवडाभर तेच म्हणत राहिले. मग एका दुपारी सांगून टाकलं.

ते एकेक शब्द काढत म्हणाले, "गणपतीपर्यंत... काढायची होती."

आमच्या राजारामपुरीतल्या बिल्डिंगची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. कुंडी कमरेवर घेऊन उतरले, मध्ये एका पायरीवर बसले. घरात आणून ह्यांच्या खुर्चीपुढच्या टेबलावर पेपर पसरून ठेवली आणि तार उलगडायला लागले.

"नको," ते म्हणाले. "तुकडे कर."

त्यांच्याच कटरनं एकेक वेढा तोडत गेले. तास झाला असेल. फांदीच्या मधोमध तार फारच खोल होती. ओढली तर सालीची पट्टी निघून आली आणि चीक बोटांना लागला.

"हळू."

"हळूच करतेय. दिवसभर सगळं हळूच करतेय मी."

बोलून गेले. थोड्या वेळानं डावा हात पुढे आला आणि त्यांनी कुंडी घट्ट धरली, हलू नये म्हणून. उरलेले तुकडे मी तसेच काढले.

फांदी वाचली नाही. थंडीत तिची पानं टोकाकडून पिवळी पडली, मग विटकरी झाली. ह्यांना कुंड्या आणून देणारे शाहूवाडीचे नर्सरीवाले भेटायला आले होते, त्यांना झाड दाखवलं. त्यांनी नखानं साल खरवडून बघितली.

"वहिनी, ही गेली की. काढून टाका. ठेवून काय उपेग न्हाय."

"मग तुम्हीच काढा," मी म्हणाले.

ह्यांनी नकारार्थी मान हलवली. "तू."

मी कापली. हे खिडकीकडे बघत होते. मला रडू आलं नाही, खरं सांगायचं तर झोप येत होती. नर्सरीवाल्यांनी कापलेल्या जागी मलम लावलं, कुंडी परत गच्चीवर नेऊन ठेवली आणि चहा न घेताच गेले.

फाल्गुनात झाडाला मेणबत्त्यांसारखे उभे कोंब आले. तोवर हे काठी घेऊन हॉलपर्यंत चालायला लागले होते, बोलणंही बरंच सुटलं होतं, जिना मात्र जमत नव्हता. "आण," म्हणाले. मी म्हटलं, "कुंडी उचलणार नाही. फोटो काढून आणते." मोबाईलवर फोटो डाव्या बोटानं मोठा करून ते बघत राहिले. कापलेली जागा बरोबर समोर दिसत होती, बोडकी.

"फिरव थोडं," ते म्हणाले.

मी वर गेले, कुंडी फिरवली, फोटो काढला, खाली आले.

"अजून. डावीकडं."

पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला गुडघे बोलायला लागले होते, आणि ह्यांनी अजून एकदा जायला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. ते फोटो बघत राहिले. मागच्या बाजूची एक बारकी फांदी, जिच्याकडे आजवर कोणी लक्ष दिलं नव्हतं, ती आता पुढे आली होती.

"आता हाय तसंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हिला वळवायला दोन-तीन वर्षं लागतील."

"मी तार बांधणार नाही," मी म्हणाले.

"बरं."

मोबाईल चार्जिंगला लावला आणि त्यांच्या संध्याकाळच्या गोळ्या काढायला उठले.