आबांच्या फुल्या

प्राप्तिकराचा अर्ज भरताना दरवर्षी मला एका चौकोनात खूण करावी लागते. अनिवासी, म्हणजे इथं न राहणारी. जन्म कुंडलचा, शाळा कुंडलची, सांगलीच्या विश्रामबागेत एक फ्लॅट आहे त्याचं भाडं येतं म्हणून अर्ज इथं भरायचा. पण पासपोर्ट परदेशाचा, म्हणून मी पाहुणी. वीस वर्षं ती खूण मी चहा पिता पिता केली. आता तो चौकोन दिसला की डोकं फिरतं.

आबा, माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबांच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सांगलीला न्यायची वेळ आली, तशी मी नोकरी सांभाळत ये-जा करू लागले. एका वर्षात तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला, जानेवारीत, तिकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी अक्कल पाजळली: एप्रिल ते मार्चमध्ये भारतात एकशे ब्याऐंशी दिवस भरले की तुम्ही निवासी, मग तिकडच्या पगारावरही इथं कर भरा. मी ते खरं धरून चालले. माझे करसल्लागार दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर बसतात. आबा चार-चार तास मशीनवर असायचे, मी बाहेर बाकावर मोबाईल चाळत बसायचे. उठून चार पावलं जायचं आणि विचारायचं, एवढंच होतं. नाही गेले. मला वाटलं, मला कळतंय सगळं.

वर हे सगळं आबांना बोलून दाखवलं.

"म्हंजे तुजी रजाच म्हण की," ते म्हणाले. "किती दिसाची?"

"एकशे एक्क्याऐंशी."

"लय झाली. आमाला वर्साला साठ मिळायची."

त्यांना कामच मिळालं. मागच्या वर्षाचं कॅलेंडर माळ्यावरून काढायला लावलं, भिंतीवरचं नवंही उतरवलं, माझा पासपोर्ट मागून घेतला, चष्मा लावून शिक्के बघितले, आणि मी घरात होते त्या प्रत्येक दिवसावर लाल पेनानं फुली मारली. यायच्या आणि जायच्या दिवशी मात्र फुली नाही, नुसतं टिंब. मी विचारलं तर वैतागले. "प्रवासाचा दिस रजंत धरत न्हाईत. येवढं बी ठावं न्हाई व्हय?" मी हसले. तिकडं मी आकडेमोडीचाच पगार घेते, आणि मी नुसती हसले!

मार्चमध्ये ते खचले. जेवण तुटलं, पाय सुजले, रात्ररात्र खोकला. एकदा मी म्हणाले, "आबा, खड्ड्यात गेला तो कर. मी राहते." म्हणाले खरी, पण ते नकोच म्हणणार हे धरून म्हणाले. मी थकले होते. मला माझ्या बिछान्यात झोपायचं होतं, आणि कर हे सांगायला बरं कारण होतं. कुणी तोंडावर विचारलं असतं तर मी भांडले असते.

"रजा संपली की हलायचं," आबा म्हणाले. "तुजी आई तापानं फणफणत हुती, तवा मी बी गेलोच की."

ते मला चांगलं आठवत होतं. मी दहा वर्षांची होते. ते ट्रंक उचलून निघाले आणि मी त्यांना दगड म्हणाले होते. पुढच्या रजेला ते आले तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

एकशे अठ्ठ्याहत्तरावी फुली पडली आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तीन दिस हाताशी ऱ्हाऊ देत. जा आता. एक एप्रिलपास्नं नवी रजा." मी जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन्ही तिकिटं काढली. दहा-अकरा दिवसांचा तर प्रश्न होता. निघताना ते एवढंच म्हणाले, "उशीर करू नगंस."

उशीर नाही केला मी. तीस मार्चला, मी विमानतळाकडं निघाले असताना, चुलतीचा फोन आला. आबा गेले होते. ऊन मी म्हणत होतं, ठेवणार तरी किती वेळ? एकतीसला चुलतभावानं अग्नी दिला. एक एप्रिलला दुपारी मी कुंडलात पोचले, अगदी ठरल्या तारखेला. चुलती गळ्यात पडून रडली. "रोज इचारायचं गं, एक तारीख कवा हाय म्हणून." तिला काय सांगणार? कराचं सांगणार?

जुलैत अर्ज भरायला करसल्लागारांकडं गेले. त्यांनी दिवस विचारले, मी पिशवीतून दोन्ही कॅलेंडरं काढून दिली. पासपोर्ट शेजारी ठेवून ते एकेक पान बघत गेले.

"ही टिंबं कसली?"

"प्रवासाचे दिवस."

"ते धरतात मॅडम. आलात तोही, गेलात तोही." तीन खेपांची सहा टिंबं. त्यांनी बेरीज केली. "एकशे चौऱ्याऐंशी. म्हणजे निघालात त्याच्या आधीच तुम्ही निवासी झाला होता."

कर किती बसेल, मी विचारलं.

"तिकडच्या पगारावर? काहीच नाही. इतकी वर्षं बाहेर होता ना तुम्ही. असा माणूस परतला की पहिली एक-दोन वर्षं निवासी ठरला तरी बाहेरची कमाई सोडतात. तो वेगळा प्रकार असतो."

"आणि मी गेलेच नसते तर?"

"तरी काहीच नाही." मग म्हणाले, "फ्लॅटचा भाडेकरार आणलाय का?"

मला त्यांचा राग आला. ग्रुपवरच्या त्या शहाण्याचा आला, आबांचाही आला, त्यांच्या फौजेचा, त्यांच्या रजेचा आला. मग राग धरायला दुसरं कुणी उरलं नाही. मी भाडेकरार काढून दिला.

ते पुन्हा एकदा मोजत होते. मार्च संपला आणि सवयीनं त्यांनी पुढचं पान उलटलं. एक एप्रिलच्या चौकोनात फुली नव्हती आणि टिंबही नव्हतं. आबांच्या वाकड्या अक्षरात, लाल पेनानं, लिहिलं होतं: हजर.

"हे पुढच्या वर्षात," करसल्लागार म्हणाले आणि त्यांनी पान मिटलं.