बोटभर फट

भंगारातून आणलेला व्हाइस आज सुटला. काम करताना लोखंड पकडून ठेवणारी ही बिडाची जड वस्तू. तिचे जबडे गंजून एकमेकांना घट्ट चिकटले होते. रोज स्क्रूच्या आट्यांत रॉकेल सोडायचो, हलकेच ठोकायचो. जोर केला तर बीड तडकतं, म्हणून धीर धरला. आज दांडा कुरकुरला आणि फिरला. जबड्याच्या खाचेत कुठल्याशा कारखान्यातल्या दसऱ्याचं कुंकू अजून लाल होतं.

मी धावतच आत गेलो. "सुटला गं!"

पलंगावरून बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिची ती मूठ मिटलेलीच आहे.

"तुमचं लोखंडसुद्धा ऐकतं," ती म्हणाली. "हा हात टाका आता भंगारात."

त्या हाताला तेल मीच चोळतो, शेक मीच देतो. इथेही जोर करायचा नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण लोखंडाकडून जे जे शिकलो, त्यातलं काहीच इथे चालत नाही.

कारखान्यात सुट्टीचा भोंगा झाला की आम्ही फिटर व्हाइस कधी आवळलेला सोडत नसू. जबड्यांत बोटभर फट ठेवायची आणि मगच घरी जायचं. लोखंडालाही विसावा हवा, म्हणायचो. आजच्या व्हाइसलाही तशीच फट ठेवली.

मग हात धुऊन बायकोजवळ बसलो. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून रोज तिच्या मुठीत रुमालाची गुंडाळी सरकवतो. रुमाल कालचाच होता, गुंडाळीही तेवढीच. आज तो आत जाईना.